पिंप, गोधडी आणि कलम ६५

पाच रुपयांत हल्ली काय मिळतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार आहे. मद्य पिण्याचा एका दिवसाचा परवाना मिळतो. देशी प्यायची असेल तर दोनच रुपये. हजार रुपये एकरकमी भरले की तहहयात सुटका. बिअरसाठी वयाची २१ वर्षं पुरी हवीत, त्याहून कडक काही हवं असेल तर २५. मीरा-भाईंदर रस्त्यावर सिल्व्हर पार्कच्या सिग्नलपासून, मेट्रोच्या पुलाखालून, कुठल्याही दिशेने चालायला लागा; ‘परमिट रूम’ची पाटी दिसायला फार तंगडतोड करावी लागत नाही. आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात ते परमिट असतं, हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही. वेटर विचारत नाही, मग आपण कोण?

बँकेतून निवृत्त झाल्यावर ही माहिती मी हौसेने गोळा केली असं मात्र समजू नका. जावयाने सोबत दिलेल्या एका पिंपापायी मला १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम वाचावा लागला. घरच्या घरी बिअर करण्याचं सामान त्याने आम्हाला भेट दिलं होतं. नळ बसवलेलं प्लॅस्टिकचं मोठं पिंप, अर्काचा डबा, यीस्टची पुडी, वळणावळणाची एक पारदर्शक नळी आणि पाण्यात तरंगणारं काचेचं एक यंत्र. पिंप बॅगेत मावेना, तेव्हा पिंपाचीच बॅग झाली. त्यात हिचे स्वेटर, नातवाने काढलेली चित्रं आणि शेजाऱ्यांसाठी घेतलेली चॉकलेटं कोंबली, झाकणाला चिकटपट्टी मारली, आणि ते मुंबई विमानतळाच्या पट्ट्यावरून डौलात फिरत आमच्याकडे आलं. टॅक्सीवाल्याने विचारलं, “काका, तिकडे पण पाणी जातं का?”

पहिली बिअर आम्ही लावली ती मेलबर्नला, लेकीच्या गॅरेजमध्ये. तिथे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांचा दिनक्रम वाचकांना सांगायला नको. सकाळी फेरी, मग लायब्ररी, दुपारी नातवाला शाळेतून आणणं, आणि रात्री मीरा रोडला पाऊस किती झाला हे मोबाइलवर पाहून तिथल्या सोफ्यावर बसून काळजी करणं. त्यात सासरा-जावई या नात्यात बोलायचे विषय मुळात मोजके. हवा, पेट्रोल, क्रिकेट. मेलबर्नची हवा दिवसातून चारदा बदलते म्हणून तो विषय जरा पुरतो, पण पुरवून पुरवून तो तरी किती पुरणार? एका शनिवारी जावई म्हणाला, “बाबा, बिअर लावू या का?” मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, “लावा की. त्या निमित्ताने गॅरेजमधला पसारा तरी आवरेल.”

डबा कूपर्सचा होता. अ‍ॅडलेडची ही कंपनी १८६२ पासून बिअर करते आणि घरी करणाऱ्यांसाठी असे डबेही विकते. तिचा संस्थापक थॉमस कूपर यॉर्कशरहून आलेला. आजारी बायकोला टॉनिक म्हणून त्याने पहिली बिअर केली, अशी कंपनी कथा सांगते. दारूच्या इतिहासात पहिला पेला नेहमी औषध म्हणूनच भरला जातो, हे पुढच्या वाचनात मला बऱ्याच ठिकाणी आढळलं. बायको बरी झाली की नाही ते गौण. कंपनी मात्र ठणठणीत आहे.

डब्यात असतं काय? बार्लीला मोड आणायचे, ती वाळवायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवून घ्यायची, त्यात हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा घालायचा आणि सगळं आटवून दाट करायचं. हे खटाटोपाचं काम कंपनीने उरकलेलं असतं. आपल्या वाट्याला येतो तो १.७ किलोचा दाट अर्क. दिसायला थेट कोल्हापूरची काकवी. चवीला त्याच काकवीत कुणीतरी काडेचिराईत कालवलेलं. जावई हे सगळं इंग्रजी माहितीपत्रकातून वाचून मराठीत सांगत होता. ‘मोड’ या शब्दाशी हिचे कान टवकारले. “म्हणजे नाचणीच्या सत्त्वासारखंच की. आपण ते बाळांना पाजतो, हे बाप्यांना पाजतात.”

त्या क्षणापासून गॅरेजची सूत्रं कुणाकडे गेली हे आम्हा दोघांनाही कळलं, पण दोघांपैकी कुणी ते बोलून दाखवलं नाही. माहितीपत्रकात जंतुनाशकाने भांडी धुण्यावर आख्खं पान होतं. हिने ते न वाचता पिंप दोनदा धुऊन उन्हात पालथं घातलं. जावई अर्क ढवळताना सवयीने बोट बुडवून चव बघायला गेला, तर “विरजणात बोट घालतं का कुणी?” हिचा आवाज चढला. पिंप वरपर्यंत भरायचं नाही, फुगायला जागा ठेवायची. मध्येमध्ये उघडून बघायचं नाही. ऊब लागली पाहिजे पण चटका नको. माहितीपत्रकाच्या पुढच्या प्रत्येक सूचनेला हिची मान आधीच हललेली असे. इडलीचं पीठ आंबवण्याचं काम मुख्यतः जिवाणू करतात आणि बिअरचं यीस्ट करतं, हा फरक मी तिथल्या तिथे समजावून सांगितला. “कोण करतं ते त्यांचं ते बघतील,” ही म्हणाली, “आपण झाकण घालून बाजूला व्हायचं.”

आणि खरं तर माणसाने हजारो वर्षं तेवढंच केलं. बव्हेरियाच्या दरबाराने १५१६ साली फर्मान काढलं, की बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स याखेरीज काही घालायचं नाही. यादीत यीस्टचा उल्लेखच नाही, कारण असा काही जीव असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. लुई पाश्चरने बिअरवरचा ग्रंथ छापला १८७६ साली, आणि मग कुठे साखर खाऊन अल्कोहोल आणि कर्बवायू सोडणाऱ्या या जिवाच्या नावावर श्रेय जमा झालं. ज्याचं हजेरीपटावर नावच नाही तोच सगळं काम उपसत होता. बँकेच्या शाखेत नोकरी केलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही.

आमच्या डब्याच्या झाकणाखाली त्या कामकऱ्याची ७ ग्रॅमची पुडी होती. अर्क, किलोभर साखर आणि पाणी मिळून २३ लिटर झालं, वर पुडी भुरभुरली, झाकण लागलं, झाकणावर ती वळणाची नळी बसली. नळीत थोडं पाणी ठेवायचं. आतला वायू त्यातून बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. यीस्टला विसाच्या आसपास तापमान मानवतं, आणि जुलैत मेलबर्नच्या गॅरेजमध्ये सकाळी आपले हात बधिर होतात. दुसरे दिवशी नळी ढिम्म. जावयाने पिंपाला गुंडाळायचा विजेचा पट्टा कुठे मिळतो त्याची चौकशी आरंभली, आणि तो येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून जे हाताला लागलं ते गुंडाळलं.

हाताला लागली ती गोधडी. हिच्या आईच्या इरकली लुगड्याची, हिने स्वतः टाके घालून नातवासाठी शिवलेली, वीस किलो सामानाच्या हिशेबात इतर कशाकशाला काट मारून नेलेली गोधडी. सकाळी ही कपडे वाळत घालायला गॅरेजमध्ये गेली. मी आणि जावई स्वयंपाकघरात चहाचे कप धरून उभे. आतून बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग आम्ही दारातून डोकावलो. ही पिंपापाशी वाकली होती. गोधडीचा एक कोपरा उचलून उलट्या हाताने पिंपाचं अंग चाचपत होती. “बाजूने ठीक आहे, खालून गार लागतंय,” ही म्हणाली. “फरशीवर काय ठेवलंत? खाली पोतं नाहीतर पुठ्ठा घाला.” मग गोधडी काढून तिने नीट दुहेरी घडी केली, लुगड्याचा काठ आतल्या बाजूला घेतला, आणि पिंपाला गळ्यापर्यंत गुंडाळून साडीपिनेने टाचून टाकली. त्या संध्याकाळी नळीतून पहिला बुडबुडा आला. रात्री तर ती चांगलीच बोलायला लागली. नातू टॉर्च घेऊन बुडबुडे मोजत बसला. विजेच्या पट्ट्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

काचेचं यंत्र म्हणजे हायड्रोमीटर. पाण्यात ते १.००० वर तरंगतं. साखर विरघळलेली असली की वर उचललं जातं. आमचं पहिल्या दिवशी १.०४० च्या आसपास होतं. यीस्ट साखर खात जातं तसा आकडा उतरत जातो. शिल्लक रोज कमी होते आहे आणि त्याचा आनंद होतो आहे, असा अनुभव मला उभ्या नोकरीत आला नव्हता. सलग दोन दिवस १.००९ वर तो थांबला, तेव्हा दोन्ही आकड्यांची वजाबाकी करून १३१ ने गुणलं. उत्तर चार टक्क्यांच्या थोडं वर. इतकं अल्कोहोल त्या पिंपात आपण फक्त झाकण लावून बसल्याने तयार झालं, या विचाराने मी जरा गंभीर झालो.

पुढे बाटल्या भरणं. प्रत्येक बाटलीत साखरेच्या दोन गोळ्या, कारण उरलेलं यीस्ट ती साखर खाऊन जो वायू सोडतं तो बाटलीत कोंडला जातो आणि फेस येतो. उतावळेपणाने आधीच बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. म्हणून पुन्हा वाट पाहणं आलं. प्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कित्येक पटींनी हे वाट पाहणं चालतं, आणि मला विचाराल तर खरी मजा त्यातच आहे. सासऱ्या-जावयाला बोलायला रोज ताजा विषय. शेवटी बाटली उघडली, तेव्हा फेस आला, रंग सोनेरी होता आणि मागे सफरचंदाची पुसट आंबूस चव होती. दुकानातल्या बिअरहून ती सरस होती असं काही मी म्हणणार नाही. हिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला. “कडू आहे. पण लागलीये छान.”

आता सिल्व्हर पार्क. पिंप आलं, हॉलच्या कोपऱ्यात विराजमान झालं, आणि विचार सुरू झाला. कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी अडचणी कमी नाहीत. मेलबर्नला ऊब मिळेना, इथे गारवा कुठून आणायचा? एप्रिलमधल्या रात्रीही घरातला पारा अठ्ठावीसच्या खाली यायला कुरकुरतो. अशा उकाड्यात यीस्ट चेकाळतं आणि बिअरला केळ्याचा, फारच बिघडलं तर नेलपॉलिशचा वास येतो. मग पाणी. पिंपात जातं ते २३ लिटर, धुण्यापुसण्यात जातं ते वेगळं. आमच्या शहराचं पाणी येतं स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून, म्हणजे दूर कुठेतरी जलवाहिनी फुटली की इथे नळाला कोरड पडते. टँकरची वाट पाहणाऱ्या इमारतीत कुणी पिंपभर पाण्याची बिअर केली तर सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याचं काय होईल? आणि शेजार. आमच्या मजल्यावरच्या जैन मावशी रात्रभर आंबवलेलं पीठसुद्धा खात नाहीत, समोरच्या अन्सारी कुटुंबाला मद्य वर्ज्य, आणि डक्टमधून वास जायला वेळ लागत नाही. आम्ही सुकट भाजली की चौथ्या मजल्यावर खिडक्या लागतात.

पण ही झाली घरगुती कारणं. खरी भिंत कलम ६५ ची. परवान्यावाचून मद्य तयार करणं हा गुन्हा, आणि घरच्यापुरती बिअर करायची म्हणून कुणी अर्ज नेला तर त्याच्यासाठी तिथे नमुना नाही. पिणाऱ्यासाठी दोन रुपयांपासून सोय आहे, करणाऱ्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना लागायचा तो १९६३ मध्ये काढून टाकला. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही करून मोकळीक दिली. ऑस्ट्रेलियात घरच्यापुरती बिअर करायला कुणी अडवत नाही. भट्टी लावून गाळायची असेल तर परवानगी लागते. आपल्याकडे कारखान्याची बिअर जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कसौलीत एडवर्ड डायर या साहेबाने ती सुरू केली. जालियनवाला बागेतला डायर त्याचाच मुलगा. बापाने निदान माणसांना बिअर पाजली.

मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली ती ६ एप्रिल १९५० ला. मोरारजी देसाईंचा आग्रह त्यामागे होता. कायद्यातली मद्याची व्याख्या वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव, अशी ती ऐसपैस आहे. एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी याविरुद्ध दाद मागितली. त्यांच्या मागणीत व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्या रांगेत यू-डी-कोलोन आणि लव्हेंडर वॉटरही होतं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा टिकला, व्याख्या टिकली. औषधं आणि प्रसाधनं तेवढी जाचातून सुटली. निकाल मी हिला वाचून दाखवला, तेव्हा हिने ओट्यावरच्या पातेल्याकडे बघून विचारलं, “इडलीचं पीठ द्रव आहे का हो?” मी म्हटलं, तुझ्या हातचं नाही.

औषधं सुटली म्हणजे काय सुटलं, ते आमच्या औषधांच्या कपाटात पाहा. भूक लागत नाही म्हणून द्राक्षासव, बाळंतिणीला दशमूलारिष्ट, पोरीबाळींना कुमारी आसव. यांची कृती वैद्यकाच्या पुस्तकात आहे आणि ती वाचताना मला सारखं गॅरेज आठवत होतं. द्राक्षांचा किंवा मुळांचा काढा, भरपूर गूळ, मध. सुरुवात करून द्यायला धायटीची फुलं, म्हणजे यीस्टची पुडी. भांड्याचं तोंड लिंपून टाकायचं आणि ते धान्याच्या राशीत महिनाभर पुरून ठेवायचं, म्हणजे गोधडी. तयार झालं की नाही हे कळायला भांड्याला कान लावायचा. आतली खळबळ थांबली पाहिजे. नाहीतर पेटती काडी तोंडाशी न्यायची. ती विझली तर आत अजून वायू सुटतो आहे. हायड्रोमीटर नव्हता तेव्हा कान होता. आणि जे तयार होतं त्यात पाच ते दहा टक्के अल्कोहोल आपोआप येतं. आमच्या गॅरेजची बिअर चारवर थांबली होती. माझ्या आजीने आयुष्यात दारूच्या दुकानावरून जाताना पदर नाकाला लावला, आणि रात्री जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतल्याशिवाय तिला झोप आली नाही. दोन्ही गोष्टी ती मनापासून करत असे.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत समंजस वाटला तो कौटिल्य. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, म्हणजे आजचं राज्य उत्पादन शुल्क खातं. दारू कुणी करायची, कुठे विकायची, किती द्यायची, गुत्त्यावर हेर कसे बसवायचे, सगळं काटेकोर. नियम मोडला की दंड. कौटिल्य काही कुणाला सैल सोडणारा नव्हे. पण तोच सांगतो, की घरातल्या कार्यप्रसंगी कुटुंबवाल्यांना पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करू द्यावं, आणि उत्सव, मेळे, यात्रा यांत चार दिवस मुभा असावी. चार दिवस! हेरांच्या राज्यात चार दिवस आहेत आणि आमच्याकडे पाच रुपयांची पावती आहे. उत्पादन शुल्क खात्याने मनावर घेतलं तर हे चार दिवस कोणते असावेत याची यादी मी द्यायला तयार आहे. पहिला गटारीचा, दुसरा धुळवडीचा, तिसरा ३१ डिसेंबरचा. चौथ्यावरून भांडण होईल, ते सोसायटीत मिटवू. अडचण एवढीच, की जावयाच्या डब्याला चार आठवडे लागतात.

कायदा निव्वळ हट्टाने बसलेला नाही, हे मात्र कबूल करायला हवं. २०१५ च्या जूनमध्ये इथून जवळच, मालाडच्या मालवणीत, विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं गेली. हातावर पोट असलेली माणसं. ते विष आंबवण्यातून आलेलं नव्हतं. कारखान्यांत वापरायचं मिथेनॉल तिच्यात होतं. बार्ली आणि यीस्टच्या पिंपात माणूस मारण्याइतकं मिथेनॉल होत नाही. पण पोलिसाने दार ठोठावलं तर हा फरक त्याला उंबऱ्यावर उभं राहून समजावण्याची माझी तयारी नाही, आणि त्याचीही ऐकायची नसावी.

गंमत अशी की आमच्या या टापूत आंबण्याला कुणी परकं समजलेलं नाही. सिल्व्हर पार्कात इमारती उठण्याआधी इथून खाडीपर्यंत मिठागरं होती; भाईंदर पश्चिमेहून बस पकडून उत्तनला गेलं की अजूनही ताडामाडांची गावं लागतात. सूर्य उगवण्याआधी ताडावरून उतरवलेली नीरा गोड, उन्हं वर आली की तीच ताडी. मधे कुणी काही घालत नाही. सरकारमान्य केंद्रात बर्फात ठेवलेली नीरा मी पुष्कळदा प्यायलो आहे, आणि विकणाऱ्याची घाई पाहून कायद्याचं घड्याळ कसं चालतं ते मला समजलं आहे. गोव्यात पोदेर पाव फुगवायला माडाची सूर वापरत. म्हणजे दारूचं बंधन पाळणाऱ्या किती घरांत सकाळचा पाव कुणाच्या पुण्याईने फुगून आला, याचा हिशेब न काढलेलाच बरा. ईस्ट इंडियन लग्नांतली दालचिनी-लवंग घातलेली गरम खिमाड मी एकदा प्यायलो आहे. ती कुठून आली हे विचारलं नाही. पाहुण्याने विचारू नये.

तर बिअर लागली नाही. पण पिंप रिकामं बसलेलं नाही. तळाशी नळ असलेलं, पंचवीस-तीस लिटर पाणी मावणारं, झाकणाचं भांडं मीरा रोडला सात-आठ महिने कोपऱ्यात पडून राहील हे शक्यच नव्हतं. पाणीकपातीच्या दिवशी ते भरून स्टुलावर चढतं, आणि ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “जावयाने ऑस्ट्रेलियाहून आणलंय.” लोक आदराने बघतात. यीस्टच्या पुडीचे पाव केले. अशा बिअरचं आणि पावाचं यीस्ट एकाच जातीचं, त्यामुळे तिने कुरकुर केली नाही. अन्सारींच्या मुलांनी भाजीबरोबर ते खाल्ले आणि पुन्हा मागितले. डबा तेवढा फडताळात आहे. त्यातला चमचाभर अर्क हिने एकदा कणकेत घालून पाहिला. पोळ्या दिसायला खरपूस झाल्या आणि कुणी दुसरी घेतली नाही.

सगळ्यांत लग्गा लागला तो हायड्रोमीटरचा. दूध तपासायचं लॅक्टोमीटर म्हणजे याचाच भाऊ. चांगल्या दुधात काटा १.०२८ ते १.०३२ च्या मध्ये उभा राहतो, पाणी घातलं की खाली येतो. पहिल्या सकाळी मी तबेल्याच्या सुट्ट्या दुधात ते सोडलं तेव्हा दूधवाला जिन्यात उभा राहून पाहत होता. आकडा १.०२४. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी १.०२९. बातमी जिन्याजिन्याने पसरली आणि आता शेजारच्या विंगमधूनही लोक पातेली घेऊन येतात. हिने मात्र पहिल्याच दिवशी खोट काढली. साय काढून घेतली की काटा वर जातो, पाणी घातलं की खाली. दोन्ही बेताने केलं तर तुमचं यंत्र काय सांगणार? काही सांगणार नाही. ते बोट बुडवून हीच सांगते, दुधाला विरजणाचा नियम नाही.

सिल्व्हर पार्कात कुणाला दूध तपासून हवं असेल तर संध्याकाळी सातनंतर या. शुल्क नाही, परवाना लागत नाही. फक्त दूध तापवून आणू नका, आणि फ्रिजमधून थेटही आणू नका. यंत्र वीस अंशांवर मोजायला बनवलेलं आहे.